कर्ज ‘राइट-ऑफ’ झालं म्हणजे माफ झालं असं नाही. जुन्या थकबाकीचा निकाल कसा लावायचा?

नरोली (दादरा-नगर हवेली) : सिल्वासा-नरोली पट्ट्यात कामाला असताना कुणी बाइकसाठी कर्ज काढलं, कुणी बहिणीच्या लग्नासाठी, कुणी छोट्या दुकानासाठी. मग काम सुटलं किंवा घरात आजारपण आलं आणि हप्ते थांबले. सुरुवातीला बँकेचे फोन आले, माणसं घरी येऊन गेली, नंतर सगळं शांत झालं. आठ-दहा वर्षांनी घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेतला अधिकारी स्क्रीन बघून सांगतो, ‘तुमचं जुनं खातं राइट-ऑफ दाखवतंय.’

इथं दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण समजतात की राइट-ऑफ झालं म्हणजे विषय मिटला. काही जण वसुलीवाल्याच्या पहिल्याच फोनवर घाबरून सांगेल त्या नंबरवर पैसे टाकतात, सांगेल त्या कागदावर सही करतात. दोन्ही गोष्टी महागात पडतात. घेतलेलं कर्ज फेडावं हे खरंच; पण ते खऱ्या सावकाराला, बरोबर हिशेबानं आणि कागद हातात घेऊन. त्यासाठी पैसे देण्याआधी आणि सही करण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात : कर्ज आज कुणाच्या नावावर आहे, मागणी किती आणि कशी निघाली, आणि कोर्टात जायची मुदत उरली आहे का.

राइट-ऑफ म्हणजे काय?

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की बँक ते खातं ‘एनपीए’, म्हणजे अनुत्पादक कर्ज धरते (पीक कर्जाला हंगामाचा वेगळा हिशेब आहे). वर्षं जातात तशी बँकेला त्या कर्जापोटी आपल्या नफ्यातून तरतूद बाजूला ठेवावी लागते. तरतूद पूर्ण झाली की ते कर्ज ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवत राहण्यात अर्थ नसतो. म्हणून बँक ते ताळेबंदातून काढून टाकते. मराठीत याला ‘निर्लेखन’ म्हणतात.

ही नोंद बँकेच्या वहीतली आहे. कर्जदाराशी झालेला करार त्यानं बदलत नाही. रिझर्व्ह बँकेनं ८ जून २०२३ रोजी तडजोड आणि तांत्रिक निर्लेखनाबद्दल जी चौकट दिली, त्यातही तांत्रिक राइट-ऑफ हे फक्त हिशेबापुरतं असतं आणि कर्जदारावरचा दावा सोडलेला नसतो, असं म्हटलं आहे. बँकांनी २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत मिळून सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जं राइट-ऑफ केली, अशी माहिती मार्च २०२५ मध्ये लोकसभेत देण्यात आली. त्याच उत्तरात कर्जदाराची देणी त्यामुळे माफ होत नाहीत, हेही सांगितलं होतं.

कर्जमाफी ही वेगळी गोष्ट आहे. त्यात सरकार पैसे भरतं आणि कर्जदार खरोखर मोकळा होतो. केंद्राची २००८ ची शेतकरी कर्जमाफी, महाराष्ट्राची २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना ही त्याची उदाहरणं. यांत शासन निर्णय निघतो, पात्रता ठरते, याद्या लागतात. आपलं नाव यादीत असेल आणि तरीही कर्ज थकीत दिसत असेल तर तो दुरुस्तीचा विषय आहे. नाव कुठल्याच यादीत नसेल, तर ‘माफ झालं असेल’ असं गृहीत धरू नये.

पहिलं काम : कर्ज आज कुणाकडे आहे?

देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढावेत, कारण एकीकडे दिसणारी नोंद दुसरीकडे नसते असंही होतं. रिपोर्टमध्ये कर्ज देणाऱ्या संस्थेचं नाव, खात्याचे आकडे, शेवटचा भरणा कधी झाला ती तारीख, राइट-ऑफची रक्कम आणि आजची बाकी बघावी. शेवटच्या भरण्याची तारीख सगळ्यात महत्त्वाची. पुढचा मुदतीचा हिशेब तिच्याशी जोडलेला आहे.

रिपोर्टवरचं नाव ओळखीचं नसेल तर लगेच ‘हे माझं नाही’ म्हणू नये. मधल्या काळात बऱ्याच बँकांची नावं बदलली आहेत. दादरा-नगर हवेलीत देना बँक अग्रणी बँक होती. ती आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० पासून सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, तर ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत गेल्या. जुन्या बँकेचं येणं नव्या बँकेचं झालं. परवाना गेलेल्या सहकारी बँकांचंही तसंच : पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला म्हणून तिची कर्जं बुडाली नाहीत. अशा बँकेवर अवसायक नेमला जातो आणि वसुली त्याच्याकडे असते.

बँका थकीत कर्जं मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे ‘एआरसी’ला विकतातही. तसं झालं असेल तर कर्ज हस्तांतरित झाल्याचं पत्र मागावं आणि मूळ बँकेकडूनही ते लेखी पडताळून घ्यावं. फोनवरचा माणूस ‘आम्ही बँकेकडून बोलतोय’ म्हणतो, तेवढ्यावर विसंबू नये.

बँकेकडे माहिती मागताना पत्र कसं लिहायचं, यालाही महत्त्व आहे. ‘माझं कर्ज थकलं आहे, मी भरणार आहे’ असं लिहिलं तर तीच लेखी कबुली ठरू शकते. त्याऐवजी असं लिहिता येईल : ‘माझ्या नावावर आपण दाखवत असलेल्या खात्याचा संपूर्ण उतारा, मूळ कराराची प्रत, मुद्दल-व्याज-दंड यांची फोड आणि कर्ज दुसऱ्या संस्थेला दिलं असल्यास त्याचा कागद मिळावा. हे पत्र केवळ माहितीसाठी असून यातून कोणत्याही रकमेची कबुली दिलेली नाही.’ हीच काळजी ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरही घ्यावी. तिथं लिहिलेलंही कोर्टात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतं.

दुसरं काम : आकडा तपासणं

बँकेनं खातं ताळेबंदातून काढलं तरी व्याजाचा मीटर वेगळ्या नोंदवहीत चालू असतो. त्यामुळे समजा ८० हजार मुद्दल राहिलेलं असेल, तर दहा वर्षांनी मागणी दोन-अडीच लाखांची येऊ शकते. त्यात मुद्दल किती, करारातलं व्याज किती, दंड किती, चेक परत गेल्याचे आणि वकिलाचे खर्च किती, हे वेगवेगळं मागावं. जप्त केलेली गाडी विकून आलेली रक्कम खात्यात जमा दाखवली आहे का, विम्याचे पैसे धरले आहेत का, हेही बघावं. बाइक आणि टेम्पोच्या कर्जात ही जमा नीट तपासली जात नाही.

तिसरं काम : मुदत मोजणं

पैशाच्या वसुलीसाठी कोर्टात दावा लावायला मुदत कायदा, १९६३ नुसार साधारण ३ वर्षं मिळतात. घर किंवा जमीन गहाण असेल तर गहाणावरून वसुलीसाठी १२ वर्षं. कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे डिक्री आधीच झाली असेल तर तिच्या अंमलबजावणीला १२ वर्षं. मुदत उलटल्यावर लावलेला दावा कोर्टानं स्वतःहून फेटाळायचा असतो. प्रतिवादीनं मुद्दा काढलाच पाहिजे असं नाही. तरी कोर्टासमोर बँकेचे कागद असतात. आपण हजरच झालो नाही तर आपल्या बाजूचं कुणी दाखवत नाही.

घड्याळ कधी सुरू झालं, हे कराराच्या अटींवर, हप्त्याच्या तारखेवर आणि बँकेनं पूर्ण कर्ज परत मागितल्याच्या तारखेवर ठरतं. ढोबळ अंदाज घरी बांधता येतो, पक्का हिशेब वकिलाकडूनच करून घ्यावा. त्यात तीन गोष्टी हटकून विचारायच्या.

पहिली, लेखी कबुली. मुदत चालू असताना कर्जदारानं सही करून देणं मान्य केलं असेल तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते (कलम १८). बँका दर दोन-तीन वर्षांनी ‘बाकी बरोबर आहे’ अशा कागदावर सही घेतात, ती यासाठीच.

दुसरी, मधला भरणा. मुदत चालू असताना थोडी रक्कम भरली आणि त्याची सहीनिशी नोंद असेल, तर त्या तारखेपासून पुन्हा मोजणी (कलम १९). ‘सध्या पाचशे तरी टाका’ असा आग्रह वसुलीवाला धरतो, त्यामागं हेही कारण असू शकतं.

तिसरी, कोविडचा काळ. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. समजा तारण नसलेल्या कर्जाची मुदत १० ऑगस्ट २०१८ ला सुरू झाली. साध्या हिशेबानं ती ऑगस्ट २०२१ मध्ये संपायला हवी. पण १५ मार्च २०२० ला उरलेली सुमारे १७ महिन्यांची मुदत १ मार्च २०२२ पासून पुन्हा मोजली, तर ती २०२३ च्या जुलैअखेरपर्यंत जाते. त्या वर्षांत थकलेल्या कर्जाला नुसती तीन वर्षं मोजणं चुकीचं ठरेल.

मुदत संपल्यावर कबुली किंवा भरणा झाला तर कलम १८ आणि १९ नं जुनी मुदत जिवंत होत नाही. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५(३) नुसार, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सही केलेलं वचन हा नवा करार धरला जातो. आज सही केली तर त्या सहीवर दावा लागू शकतो. ‘नुसती औपचारिकता आहे, सही करा’ म्हणून पुढे आलेला कागद म्हणून घरी नेऊन वाचावा.

मुदत संपली तरी काय उरतं?

मुदत कायदा दावा लावण्याचा रस्ता बंद करतो. कर्ज पुसून टाकत नाही. त्याचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतात.

सिबिलची नोंद राहते. पतमाहिती कंपन्यांना माहिती किमान ७ वर्षं ठेवावी लागते. ७ वर्षांनी ती आपोआप पुसलीच जाईल असं त्यातून निघत नाही.

त्याच बँकेतली ठेव धोक्यात असू शकते. पंजाब नॅशनल बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्ये तारण म्हणून ठेवलेली मुदत ठेव मुदतबाह्य कर्जापोटी वळती करणं चुकीचं मानलं नाही. बँकेला ग्राहकाच्या खात्यावर सर्वसाधारण धारणाधिकारही असतो. नरोलीतल्या वाचकांसाठी याचा सरळ अर्थ असा : जुनं कर्ज देना बँकेचं असेल आणि पगार आज बँक ऑफ बडोदात जमा होत असेल, तर दोन्ही टोकं आता एकाच बँकेत आहेत.

डिक्री आधीच झालेली असू शकते. घर बदललं, गाव सुटलं, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं आणि एकतर्फी निकाल लागला, हे सीमाभागात सहज घडू शकतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपलं नाव टाकून सिल्वासा, वलसाड, पालघर आणि कर्ज घेतलं त्या जिल्ह्यातल्या कोर्टांत शोध घ्यावा. वित्त कंपन्यांच्या करारात लवादाची अट असते, म्हणून लवादाचा निवाडा झाला आहे का, हेही विचारावं. निवाडा हाती पडल्यापासून त्याला आव्हान द्यायला ३ महिने असतात.

पतसंस्थेचं घड्याळ वेगळं चालतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९२ नुसार सभासदाकडून येणं असेल तर मुदत सभासद वारल्याच्या किंवा सभासदत्व संपल्याच्या तारखेपासून मोजली जाते. कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखलाही मिळतो. गावाकडच्या पतसंस्थेचं कर्ज ‘तीन वर्षं झाली, संपलं’ म्हणून सोडून देऊ नये.

सरकारी वसुलीच्या मार्गालाही मुदतीची मर्यादा आहे. कोर्टात वसूल होऊ शकत नाही असं मुदतबाह्य कर्ज महसूल वसुलीच्या कायद्यानं वसूल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सांगितलं. सरफेसी कायदा, २००२ खालीही दावा मुदतीत असावा लागतो. शेतजमिनीवरच्या तारणाला आणि १ लाखापर्यंतच्या कर्जाला सरफेसी लागू नाही. लागू असेल तिथं आधी ६० दिवसांची नोटीस यावी लागते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताबा घेण्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं.

जामीनदार आणि वारस

मित्राच्या कर्जाला ‘फक्त सही’ केलेला माणूसही मूळ कर्जदाराइतकाच जबाबदार असतो (करार कायदा, कलम १२८). बँक आधी कर्जदाराकडेच गेली पाहिजे असं नाही. त्यामुळे जामीनदाराच्या सिबिलवरही ही थकबाकी दिसते. तडजोड करताना जामीनदाराला मोकळं केल्याचं पत्रात लिहून घ्यावं, नाहीतर तो लटकत राहतो.

वडील वारले आणि कर्ज मागं राहिलं, तर मुलांची जबाबदारी वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या पगारातून फेडायची सक्ती नसते. मूळ कर्जात सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल तर गोष्ट वेगळी. कर्जासोबत विमा होता का, हे अशा वेळी आधी तपासावं.

वसुलीचा फोन आला तर

रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांत किंवा कामाच्या ठिकाणी बदनामी हे चालत नाही. वसुलीसाठी दंडेली वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात बजावलं होतं. बचत गटाच्या सूक्ष्म कर्जात हप्ता ठरलेल्या ठिकाणी घ्यायचा असतो; सदस्य तिथं लागोपाठ दोनदा आलीच नाही, तरच कर्मचाऱ्यानं घरी जायचं.

फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : नाव आणि ओळखपत्राचा नंबर, कोणत्या संस्थेच्या वतीनं, आणि त्या संस्थेचं नेमणुकीचं पत्र. कर्ज मान्य आहे की नाही, यावर फोनवर काहीच बोलू नये. ‘लेखी पाठवा’ एवढं पुरतं. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही टाकू नये. ओटीपी देऊ नये, कोरा चेक देऊ नये.

‘उद्या पोलीस येतील’ या धमकीचं काय? हप्ता न भरणं हा दिवाणी विषय आहे, त्यासाठी अटक होत नाही. मात्र दिलेला चेक परत गेला तर ते फौजदारी प्रकरण होऊ शकतं, आणि चेकच्या नोटिशीनंतर पैसे भरायला फक्त १५ दिवस मिळतात. म्हणून तडजोडीत पुढच्या तारखांचे चेक देताना दहादा विचार करावा. पीएफची रक्कम अशा कर्जापोटी जप्त करता येत नाही, हेही कामगारांनी लक्षात ठेवावं.

तडजोड करायची ठरली तर

राइट-ऑफ झालेल्या खात्यात तडजोडीला जागा असते, कारण तरतूद आधीच झालेली असल्यानं येईल ती रक्कम बँकेला वसुली म्हणून मिळते. एकरकमी परतफेड, म्हणजे ओटीएससाठी अर्ज शाखेतच द्यावा आणि पोच घ्यावी. किती सूट मिळेल याचा ठरलेला भाव नाही. तारण आहे का, खातं किती जुनं, डिक्री आहे का, यावर ते ठरतं. आपल्या खिशात खरोखर असलेल्या रकमेचा आकडाच पुढे करावा. दिलेल्या तारखेला पैसे भरले नाहीत तर तडजोड मोडते, सूट जाते आणि आपली कबुली तेवढी बँकेच्या हातात राहते.

पैसे भरण्याआधी संस्थेच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीचं पत्र हवं. त्यात या गोष्टी असाव्यात :

– कर्जखात्याचा नंबर, ठरलेली रक्कम आणि भरायची शेवटची तारीख;
– ही रक्कम संपूर्ण आणि अंतिम असून पुढे काहीही येणं राहणार नाही, हे वाक्य;
– पैसे कोणत्या कर्जखात्यात भरायचे;
– जामीनदार मोकळा होईल आणि कोर्टातला दावा मागं घेतला जाईल;
– पतमाहिती कंपन्यांना ‘क्लोज्ड’ कळवणार की ‘सेटल्ड’.

शेवटचा मुद्दा कळीचा आहे. पूर्ण बाकी भरली तर ‘क्लोज्ड’. सूट घेऊन मिटवलं तर बहुधा ‘सेटल्ड’ किंवा ‘राइट-ऑफनंतर सेटल्ड’ अशी नोंद पडते. पुढचा सावकार ‘सेटल्ड’ बघून नाक मुरडतो. घराचं कर्ज तोंडावर असेल आणि फरक थोडाच असेल, तर पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करणं शेवटी स्वस्त पडू शकतं. तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था शेतीकर्ज सोडून नवं कर्ज निदान १२ महिने देऊ शकत नाही, असंही २०२३ च्या चौकटीत आहे.

पैसे भरल्यावरचं काम

पैसे भरल्यावर बरेच जण थांबतात आणि इथंच घोळ राहतो. पावती आणि ‘नो ड्यूज’ दाखला घ्यावा. घर-जमिनीचे मूळ कागद पूर्ण फेड किंवा तडजोडीनंतर ३० दिवसांत परत द्यायचे, संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. गाडीच्या आरसीवरून बँकेचं नाव काढायला फॉर्म ३५ लागतो. गावाकडच्या सातबाऱ्यावर बोजा असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन तो कमी करून घ्यावा; बँक स्वतः जाऊन करेल म्हणून वाट बघू नये.

महिना-दीड महिन्यानं सिबिल पुन्हा काढावा. नोंद चुकीची असेल तर बँक आणि पतमाहिती कंपनी दोघांकडे तक्रार द्यावी. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. ‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्या दलालांच्या नादी लागू नये. खरी नोंद पुसायचा अधिकार त्यांच्याकडे नाही आणि चुकीची नोंद फुकटात दुरुस्त होते.

नोटीस आली तर आणि दाद कुठे मागायची

बँकेची नोटीस, वकिलाची नोटीस, लोकअदालतीचं बोलावणं आणि कोर्टाचं समन्स हे चार वेगवेगळे कागद आहेत. समन्स कधीही टाळू नये. साध्या दाव्यात लेखी उत्तराला ३० दिवस असतात. समरी दाव्यात मात्र १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. दारावर आलेलं समन्स परत पाठवलं म्हणून दावा थांबत नाही.

लोकअदालतीत फी नसते आणि सूटही बरी मिळू शकते. पण तिथं झालेली तडजोड डिक्रीसारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. मुदत उलटलेल्या कर्जावर तिथं सही केली तर पुढची १२ वर्षं अंमलबजावणीचा रस्ता उघडतो. म्हणून जाण्याआधी मुदतीचा हिशेब केलेला असावा आणि झेपेल तोच आकडा मान्य करावा.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांना हा हक्क थेट लागू आहे. सिल्वासाच्या न्यायालयात विधी सेवेसाठी अर्ज देता येतो, हेल्पलाइन १५१००.

बँकेनं लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

सीमेवरच्या माणसानं काय ध्यानात ठेवायचं?

नरोलीचा माणूस राहतो केंद्रशासित प्रदेशात, गाडी पकडतो गुजरातच्या भिलाडला आणि शेती असते महाराष्ट्रात. कर्ज यातल्या कुठल्याही टोकाचं असू शकतं. रिझर्व्ह बँकेचे नियम, मुदत कायदा आणि करार कायदा तिन्हीकडे सारखेच. वेगळं आहे ते सहकाराचं : महाराष्ट्रातल्या पतसंस्थेला १९६० चा कायदा, गुजरातच्या संस्थेला १९६१ चा, आणि अनेक राज्यांत काम करणाऱ्या संस्थेला २००२ चा केंद्रीय कायदा. राज्य सरकारची कर्जमाफीही त्या राज्याच्या अटींतच बसते.

दावा कर्जदार राहतो तिथं किंवा व्यवहार झाला तिथं लागू शकतो. सिल्वासाच्या कोर्टांवर मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार आहे, वलसाडवर गुजरात उच्च न्यायालयाचा. म्हणून राज्य बदललं की कर्ज मागं सुटतं, हा समज सोडून द्यावा. पत्ता बदलला असेल तर तो बँकेला लेखी कळवावा, म्हणजे एकतर्फी निकालाची पाळी येत नाही.

चार सिबिल रिपोर्ट, बँकेकडून खात्याचा उतारा, ई-कोर्ट्सवरचा शोध आणि वकिलाकडून मुदतीचा हिशेब एवढं झाल्याशिवाय सहीही नाही आणि पैसेही नाहीत. हे चार कागद एका फाइलमध्ये लागले की पूर्ण भरायचं, तडजोड करायची की मुदतीचा मुद्दा कोर्टात मांडायचा, हे घरात बसून ठरवता येतं.